खैरनार सरांची बैठक व्यवस्था

खैरनार सरांनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही. डब्याची पिशवी हातात घेऊन मी कॅन्टीनच्या दारात उभी होते, तर त्यांनी लांबूनच बोट केलं आणि म्हणाले, "तू अकरा."

मी म्हटलं, "सर?"

"अकरा नंबर. खिडकीकडून मोजत ये. रोज तिथंच बसायचं. ज्याची जागा त्याला."

मी गेले. अकरा नंबरच्या डोक्यावर बरोब्बर पंखा नव्हता. दहाच्या डोक्यावर होता, बाराच्याही होता, आणि मधे अकरा म्हणजे उन्हाळ्यात नुसती भट्टी. शेजारी दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. मी एकीवर सरकले तर लगेच आवाज आला, "मॅडम, अकरा!"

ही आमची पहिली भेट. आणि खरं सांगू? माणूस कळायला एवढी पुरली असती. पण मला पुढची तीन वर्षं लागली.

आमची कंपनी सातपूरला. खालच्या मजल्यावर लेथचं वर्कशॉप, तिथून दिवसभर घर्र घर्र, आणि वरच्या मजल्यावर आम्ही. काम असं की कोल्ड स्टोरेज बांधायच्या आधीच कॉम्प्युटरवर त्यातली हवा फिरवून बघायची. थंडावा कुठे पोचेल, कुठला कोपरा कोरडा राहील, पंखे कुठे लावायचे. पिंपळगावचे द्राक्षवाले हे आमचे मुख्य गिऱ्हाईक. हे हिशोब साध्या कॉम्प्युटरवर होत नाहीत, म्हणून एक दणकट सर्व्हर, तो काचेच्या खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली खैरनार सरांच्या गळ्यात. अक्षरशः गळ्यात. आयकार्डाच्या दोरीला.

त्या खोलीत एसी चालू असतो म्हणून सर आत जाताना स्वेटर घालायचे आणि वर माकडटोपी. मे महिन्यात! बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय आणि आमचे सिस्टिम हेड महाबळेश्वरला निघाल्यासारखे. बाहेर चपला काढायच्या, त्यांच्याही जागा ठरलेल्या. पार्किंगमध्ये गाड्यांच्या जागा ठरलेल्या. पाण्याच्या ग्लासांवर खालून नेलपॉलिशने नंबर. आणि सगळीकडे एक नंबर कुणाचा? सांगायला हवं का? कॅन्टीनमध्ये एक नंबर म्हणजे पंख्याखाली, दाराकडे तोंड, हात धुवायच्या बेसिनपासून सगळ्यात लांब. तिथं सर. त्या खुर्चीवर एकदा कुरिअरवाला टेकला होता, तर त्याला उठवून सरांनी खुर्ची पुसून घेतली.

हे सगळं आलं कुठून, ते आता सांगते, कारण माणसाने आयुष्यात एक बरोबर गोष्ट केली होती आणि तिचाच हा सगळा प्रसाद होता.

सर्व्हरमधल्या प्रोसेसरमध्ये भरपूर कोअर असतात. कोअर म्हणजे समजा खालच्या वर्कशॉपमधले कामगार. मोठं काम आलं की तुकडे करून प्रत्येकाला एकेक द्यायचा, सगळे एकदम काम करतात. पण मशीनला सोडून दिलं तर ते कामाचे तुकडे इकडून तिकडे हलवत बसतं. आत्ता या कोअरवर, मग त्या. आता कारागिराचं टेबल तुम्ही दर दहा मिनिटांनी बदललं तर त्याचा वेळ कशात जाणार? पाने-पकडी आणण्यात. म्हणून कामाचा तुकडा एका कोअरला बांधून टाकतात. तू इथंच बस, हलू नकोस. याला बाइंडिंग म्हणतात. जुन्या सर्व्हरवर सरांनी हे हाताने केलं होतं, एकेक नंबर टाकून, आणि काम खरंच झपाट्याने व्हायला लागलं होतं. हे मान्य. त्याबद्दल त्यांचं कौतुक झालं, शाल मिळाली.

झालं! त्या शालीतून माणूस बाहेरच आला नाही. ज्याला त्याला बांधत सुटले. कोअर झाले, मग खुर्च्या, चपला, ग्लास, माणसं.

सापुताऱ्याच्या सहलीचं ऐका. सरांनी आठवडाभर आधी बसचं सीटिंग केलं. चिठ्ठ्या वाटल्या, प्रत्येकाचा नंबर, नवरा-बायको शेजारी-शेजारी, लहान मुलं खिडकीत, सगळं चोख. आणि त्या सकाळी ठरलेली बस पंक्चर होऊन पडली आणि बसवाल्याने दुसरी पाठवली. मोठी. एका बाजूला तिघांची बाकडी, दुसऱ्या बाजूला दोघांची. मागचा अर्धा भाग रिकामा राहील एवढी मोठी!

कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, वा, ऐसपैस बसा. सर दारात उभे राहून चिठ्ठ्या तपासायला लागले.

अकाउंट्सचे काकडे काका, वजन शंभराच्या पुढे, त्यांचा नंबर आला तिघांच्या बाकड्यावर मधोमध. त्यांची बायको गेली पलीकडच्या रांगेत, ड्रायव्हरच्या कुणा अनोळखी मेव्हण्याशेजारी. लहान मुलं सगळी इंजिनाजवळ गरम पत्र्यावर. आणि मागे? मागे अख्खी बस ओस. आमच्या पिशव्या तिथं पाय पसरून झोपलेल्या.

काकडे काका दिंडोरीपर्यंत कसेबसे टिकले. मग उठले आणि मागे चालायला लागले.

"काका!" सर ओरडले. "तुमचा नंबर मागे नाही!"

"अहो, मागे कुणाचाच नंबर नाही ना!"

"म्हणूनच तिथं बसायचं नाही. व्यवस्था मोडते."

"खैरनार, मला श्वास घेता येत नाही हो."

"खिडकी उघडायला सांगतो. बसा."

आणि काका बसले! हे मला अजून कळत नाही. एवढी शिकलेली माणसं, सगळी पुढे एकमेकांच्या मांडीवर, मागे रिकाम्या सीटा हलतायत, आणि कुणीही उठेना. पल्लवी माझ्या कानात म्हणाली, "या माणसाला बस दिसतच नाहीये. त्याला फक्त त्याच्या चिठ्ठ्या दिसतात."

आता पल्लवी. पल्लवी माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आडगावची, केसांत पेन खोचून हिंडणारी. कोल्ड स्टोरेजमधली हवा फिरवायचा जो आमचा प्रोग्राम, तो तिने लिहिला. सगळा. आधी आम्ही बाहेरचा भाड्याने वापरायचो. तिचं म्हणणं होतं, आपला आपण लिहू. जोशी साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, तिला कंत्राटावर घेतलं आणि म्हणाले, प्रोग्राम नीट चालला तर तू परमनंट, नाही चालला तर आपण परत बाहेरचा घेऊ. मग तुझं काम उरणार नाही. एवढं सरळ. तिच्या घरी वडील आजारी, धाकटी बहीण शिकतेय, आणि इंदिरानगरला नुकतीच भाड्याची खोली घेतलेली. ती बोलायची नाही, पण परमनंट हा शब्द निघाला की केसांतला पेन काढून परत खोचायची.

आणि तेव्हाच नवीन सर्व्हर आला. जुन्याच्या दुप्पट ताकदीचा. सरांनी हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, पेढे वाटले. अर्थात नंबराप्रमाणे. मग स्वेटर घालून आत गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "झालं. लावलं. जुनी व्यवस्था जशीच्या तशी बसवली."

मी तेव्हा पेढा खात होते. पल्लवीने पेढा खाली ठेवला.

"सर, जशीच्या तशी म्हणजे? या मशीनची आतली मांडणी वेगळी असेल ना?"

"मशीन म्हणजे मशीन."

"एक छोटा प्रोग्राम असतो सर, तो चालवला की मशीन स्वतःच स्वतःचा नकाशा काढून दाखवतं. प्रोसेसर किती, कुठला कोअर कुठे. आपण हाताने नंबर टाकायलाच नको, तो बघून आपोआप..."

सरांनी टोपी काढली. ही फार वाईट खूण.

"मॅडम, तुमचं लग्न झालंय का?"

"नाही सर. का?"

"माझं झालंय. मी रोज सकाळी बायकोला विचारत नाही, बाई गं, तुझं नाव काय, तू कुठे बसतेस. मशीन मी लावलंय. आता मशीन मला सांगणार, ते कसं आहे?"

सगळे हसले. मीही हसले, खोटं कशाला बोलू. पल्लवीने पेन काढून परत खोचला.

आणि मग काय झालं, नवीन सर्व्हर जुन्यापेक्षा जेमतेम पुढे. दुप्पट ताकद आणि काम जवळजवळ तेवढ्याच वेळात! पिंपळगावचे अण्णा रोज फोन करायचे. त्यांचं नवीन कोल्ड स्टोरेज अर्धं उभं होतं, जुन्यात मागच्या कोपऱ्यातली द्राक्षं दर सीझनला मऊ पडायची आणि यावेळी पंखे कुठे लावायचे ते आमच्या उत्तरावर ठरणार होतं. "ओ मॅडम," ते पल्लवीला म्हणायचे, "गवंडी थांबलाय माझा. भिंतीला भोक कुठं पाडू ते सांगा, नायतर मी माझ्या मनानं पाडतो. मागच्या टायमाला मनानंच पाडलं हुतं."

जोशी साहेबांनी सरांना विचारलं, मशीन हळू का?

"मशीन? मशीन शंभर टक्के धावतंय." आणि सरांनी आपला स्क्रीन दाखवला. प्रत्येक कोअरची एकेक हिरवी पट्टी, वरपासून खालपर्यंत सगळ्या भरलेल्या, रसरशीत. "बघा सर, एकही रिकामा नाही. सगळे मरमर मरतायत. कोडच जड आहे हो. बाईमाणसाने जीव ओतून लिहिलंय, मी नाही म्हणत नाही, पण जड आहे."

जीव ओतून! मला आजही ते वाक्य आठवलं की कीबोर्ड बडवावासा वाटतो.

साहेब पल्लवीला म्हणाले, "सोमवारी बसू. मग ठरवू." काय ठरवू ते सगळ्यांना कळलं. तिने कोड उलटापालटा केला, एकेक ओळ तपासली, डोळ्यांखाली काळं आलं. मशीनवर स्वतः जाऊन बघायची सोय नव्हती. काम सरांकडे द्यायचं, सर त्यांच्या पद्धतीने, त्यांच्या नंबरांवर लावणार. दुसऱ्या कुणाला परवानगीच नाही.

सोमवारी सकाळी आम्ही दोघी काचेच्या खोलीबाहेर उभ्या होतो. सर आत होते, दार जरा उघडं होतं. पल्लवी मशीनच्या मागच्या बाजूकडे बघत होती. प्रोसेसर तापतात, त्यांची गरम हवा मागून बाहेर पडते. तिथं वायरींना सरांनी नंबराच्या कागदी पट्ट्या लावल्या होत्या. अर्थात. डावीकडच्या पट्ट्या उन्हात ठेवलेल्या पापडासारख्या वाळून वळल्या होत्या. उजवीकडच्या सपाट. कालच चिकटवल्यासारख्या.

पल्लवी बघतच राहिली. मग तिने माझा दंड एवढ्या जोरात धरला की वळ उठला.

"बस," ती म्हणाली.

"कुठे बसू?"

"अगं, सापुताऱ्याची बस!"

मीटिंग सुरू झाल्यावर ती म्हणाली, "साहेब, बोलायच्या आधी दोन मिनिटं मशीनपाशी चला."

सर ताडकन उठले. "आत कुणी जायचं नाही. धूळ जाते."

"मी चप्पल काढतो, खैरनार," साहेब म्हणाले.

"तुमची चपलेची जागा तीन नंबर," सर म्हणाले. आपल्या मालकाला! आणि मालकाने चप्पल तीन नंबरवर काढली!

आत गेल्यावर पल्लवी म्हणाली, "साहेब, मागे हात धरा. लांबूनच. इकडे... आणि आता इकडे."

साहेबांनी हात धरला. मग दुसरा धरला. मग दोन्ही हात धरून उभे राहिले, शेकोटीपाशी एक हात शेकावा आणि एक विसरावा तसे.

"खैरनार, हा इकडचा थंडगार आहे हो. यात दोन प्रोसेसर आहेत ना? हा बंद आहे का?"

आणि आता ऐका. माणसाकडे एक क्षण होता. "बघतो सर, चुकलं असेल," एवढं म्हणायचं होतं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. स्वेटरची वरची गुंडी त्यांनी लावली आणि म्हणाले,

"तो राखीव ठेवलाय."

"राखीव?"

"हो सर. सगळं एकदम वापरायचं नसतं. इमर्जन्सीला."

लाखो रुपयांचा प्रोसेसर, लग्नातल्या ताटांसारखा माळ्यावर ठेवलेला! मला हसू आवरेना, मी तोंडावर ओढणी धरली. पल्लवी हसली नाही. तिने साहेबांकडून परवानगी घेतली, कीबोर्डपाशी गेली आणि तो छोटा प्रोग्राम चालवला. स्क्रीनवर मशीनचा नकाशा आला. चौकोनात चौकोन, साधं, शाळेतल्या भूगोलासारखं. दोन प्रोसेसर. आणि या नवीन मशीनमध्ये एका कोअरला दोन-दोन नंबर होते, लागोपाठ. एकच कामगार, पण हजेरीपटावर दोनदा. जुन्या मशीनमध्ये एक नंबर म्हणजे एक कोअर. सरांनी तेच जुने नंबर इथं टाकले, तर ते सगळे पहिल्याच प्रोसेसरमध्ये संपले. एकेका कोअरच्या मानगुटीवर दोन-दोन कामं, आणि शेजारचा अख्खा प्रोसेसर रिकामा. पुढे काकडे काका गुदमरतायत आणि मागे पिशव्या झोपल्यायत.

"पण त्या हिरव्या पट्ट्या?" साहेबांनी विचारलं. "सगळ्या भरलेल्या होत्या की."

पल्लवीने सरांची ती खिडकी माउसने खाली ओढली. खाली अजून तेवढ्याच पट्ट्या होत्या. सगळ्या पांढऱ्या. सरांनी खिडकीची उंचीसुद्धा जुन्या मशीनएवढीच बांधून ठेवली होती! खाली काही असेल असं त्यांना कधी वाटलंच नाही.

सर एकदम अहिराणीवर गेले. मूळचे सटाण्याकडचे, कात्रीत सापडले की घरची भाषा यायची. "हाई काय चाली ऱ्हायनं!" असं काहीतरी स्वतःशीच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

पल्लवीने सरांचे नंबर काढून टाकले. आता काम सुरू होताना प्रोग्राम आधी मशीनला विचारायचा, तू कसं आहेस, आणि मग ज्याला त्याला नीट जागा द्यायचा. उजवीकडून गरम हवा यायला लागली. दुपारपर्यंत आम्ही सगळे आळीपाळीने तिथं हात शेकून आलो. काम निम्म्या वेळात उरकलं. अण्णांच्या गवंड्याला भोक कुठं पाडायचं ते कळलं. आणि संध्याकाळी साहेबांनी पल्लवीला केबिनमध्ये बोलावलं, ती बाहेर आली तेव्हा केसांत पेन नव्हता, पेन साहेबांच्या टेबलावरच राहिला होता. परमनंट!

सर काय म्हणाले? चहाच्या टपरीवर जो भेटेल त्याला म्हणाले, "नवीन मशीन रुळायला वेळ लागतो. मी म्हटलंच होतं."

दोन दिवसांनी मी एकटी दिसल्यावर जवळ आले. इकडे तिकडे बघून म्हणाले, "अकरा, त्या नकाशाच्या प्रोग्रामचं नाव काय गं?"

मी सांगितलं.

"हां. माहितीये मला. विसरलो होतो." आणि गेले. माकडटोपी घालून, त्या खोलीत, जिथं आता त्यांना करायला फारसं काही नव्हतं.

पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाचं जेवण होतं. बैठक व्यवस्था कुणी केली? दुसरं कोण करणार! स्वतःच्या निरोपाची बैठक व्यवस्था स्वतः करणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही. नेहमीच्या हॉलप्रमाणे नंबर टाकले, खुर्च्यांना चिठ्ठ्या लावायला प्यून पाठवला. आणि आदल्या दिवशी त्या हॉलची पाण्याची टाकी गळायला लागली, म्हणून इंदिरानगरमधला दुसरा हॉल घेतला गेला. सरांना कळवलं होतं. त्यांनी चिठ्ठ्या तशाच ठेवल्या.

या हॉलच्या मधोमध भला मोठा खांब होता. सत्कारमूर्तीची खुर्ची बरोब्बर त्याच्या मागे आली.

"खैरनार, अहो इकडे पुढे या," साहेब म्हणाले.

"नको सर. माझी जागा हीच."

साहेबांनी भाषण केलं. खांबाकडे बघून. हार घालायला खांबाला वळसा घालून जावं लागलं, फोटोत फक्त खांब आणि हाराचं एक टोक. पुढे तीन रांगा रिकाम्या. मी पोट धरून हसत होते आणि आजूबाजूला बघत होते की पल्लवी कुठेय, तिच्यासोबत हसायचं होतं मला.

ती कोपऱ्यात बसली होती. हात धुवायच्या बेसिनला चिकटून. येणारा-जाणारा हात झटकत होता आणि तिच्या नव्या साडीवर पाणी उडत होतं.

"इथं काय करतेस? चल पुढे, सगळं रिकामं आहे."

तिने खुर्चीची चिठ्ठी वळवून मला दाखवली. सरांच्या त्या टोकदार अक्षरात तिचं नाव आणि नंबर. एक.

मी बघतच राहिले. एवढ्या वर्षांत एक नंबर त्यांनी कुणाला दिला नव्हता. जुन्या हॉलमध्ये ही खुर्ची साहेबांच्या शेजारी, पंख्याखाली आली असती. इथं ती बेसिनपाशी आली. एकच चांगली गोष्ट करायला गेला माणूस, आणि ती पण हॉल न बघता!

"उठ गं," मी म्हटलं. "साडी खराब होतेय."

"गप बस," ती म्हणाली. "मला एक नंबर मिळालाय."

मी तिच्या शेजारच्या खुर्चीवर टेकले. तेवढ्यात खांबामागून एक हात बाहेर आला. नुसता हात, मनगटावर हारातली एक पाकळी चिकटलेली, आणि एक बोट माझ्याकडे रोखलेलं. बोट हललं. तिकडे, मागे, अकरावर.

मी उठले आणि गेले.